चढणीवर एकानं उतरायचं

१

तंत्रशाळेत मुलं मला चिंधीबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण मास्तरणीला पाठीलाही कान असतात. तीस वर्षं मी इंजिन शिकवलं आणि तीस वर्षं पहिल्या तासाला एकच गोष्ट सांगितली. इंजिन उघडं असलं की त्याच्या तोंडात चिंधी कोंबायची, म्हणजे नट-वायसर आत पडत नाहीत. आणि त्या चिंधीला लाल दोरा बांधून तो बाहेर लोंबता ठेवायचा, म्हणजे ती काढायला कुणी विसरत नाही. दोरा नसलेली चिंधी सापडली की त्या मुलाला मी आठवडाभर वर्कशॉप झाडायला लावायचे.

हे नाव माझ्या नवऱ्याच्या कानावर गेलं आणि त्यानं ते असं उचललं की माझं खरं नाव तो विसरला असावा. तो गाड्यांचा पेंटर. आयुष्यभर रंगाचा फवारा मारला आणि नाकाला फडकं बांधायचा कंटाळा केला. आता दोन वर्षं त्याच्या पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन आहे. ते फुस् करतं, टक् करतं, त्याच्या बाटलीत बुडबुडे येतात, आणि नाकातली नळी पंधरा मीटर लांब आहे. एका बाजूला ती न्हाणीघरापर्यंत पुरते, दुसऱ्या बाजूला गॅरेजच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यापलीकडे बोटभरही नाही.

एका श्वासात त्याचे तीन शब्द होतात. मग थांबायचं, मग पुढचे तीन. एवढं असूनही त्यातले दोन मला चिडवण्यात जातात.

आमची गाडी आमच्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान. दोन दारं, साडेआठशे सीसीचं इंजिन, त्यानं स्वतः मारलेला सायीचा रंग. गावाबाहेर पाण्याच्या टाकीकडे जाणारी एक चढण आहे. ती चढण गाडीला दोघांना घेऊन कधीच झेपली नाही. मधल्या वळणावर इंजिन धापा टाकायचं आणि एकाला उतरावं लागायचं. म्हणजे मला. मी पायी वर जायचे आणि तो टाकीजवळ इंजिन चालू ठेवून वाट बघायचा, कारण तापलेलं इंजिन एकदा बंद केलं की तासभर परत चालू व्हायचं नाही. आमचा नियमच होता तो. उतरलेलं माणूस वर पोचेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही.

"चिंधीबाई, एक तर तू वजन कमी कर, नाही तर मी इंजिनाचं बघतो," असं तो दर वेळी म्हणायचा. बघायचं म्हणून त्यानं आठ वर्षांपूर्वी भंगारातून एक जुना सुपरचार्जर आणला आणि लाकडी खोक्यात घालून ठेवला. इंजिन स्वतः जेवढी हवा ओढतं त्यापेक्षा जास्त हवा त्याच्यात दाबून भरायची, एवढंच त्या वस्तूचं काम. खोकं तसंच राहिलं आणि तो आजारी पडला.

पावसाळा संपताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थंडीनंतर काय ते बघू." डॉक्टर असं बोलले की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. घरी आल्यावर तो म्हणाला, "एकदा दोघं वर... जाऊ. न उतरता."

दुसऱ्या दिवशी मी खोकं उघडलं.

२

सकाळी त्याचं औषधपाणी झालं की मी गॅरेजमध्ये जायचे. त्याची खोली आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत. आम्ही खुणा ठरवल्या होत्या. त्यानं भिंतीवर एकदा ठोकलं म्हणजे ठीक चाललंय, दोनदा ठोकलं म्हणजे इकडे ये.

काम माझ्या आवडीचं होतं, खोटं कशाला बोलू. हेडखाली जाड प्लेट घातली, म्हणजे दाब वाढला तरी पिस्टन फुटायला नकोत. सुपरचार्जर बसवायला लोखंडी पट्टीचा आधार कापून वेल्ड केला. क्रँकच्या पुलीवरून त्याला पट्टा दिला. इंजिन ज्यातून हवा ओढतं तो कार्ब्युरेटर काढून सुपरचार्जरच्या तोंडाशी नेला. मधूनमधून दारातून डोकावून मी त्याला काय केलं ते सांगायचे आणि तो त्यात खोट काढायचा. "पट्टा सैल आहे... चिंधीबाई. आवाजावरून... कळतंय." पट्टा तेव्हा चढवलेलाही नसायचा.

शेवटी दाब दाखवणारं गेज जोडलं. डॅशबोर्डवर बसवण्याआधी तपासायचं म्हणून ते मी भिंतीवर खिळ्याला टांगलं आणि इंजिनापासून एक बारीक तांब्याची नळी त्याला आणली. काटा शून्यावर. हात पुसले, पाणी प्यायले, परत आले.

काटा हलत होता.

शून्यापासून केसभर वर जायचा, थांबायचा, खाली यायचा. परत वर. इंजिन एकदाही चालू झालेलं नव्हतं. त्यात पेट्रोलसुद्धा नव्हतं.

३

माणसानं आधी सोपं कारण शोधावं, असं मी मुलांना सांगायचे. सोपं कारण भिंतीपलीकडे होतंच. त्याचं मशीन. मशीनची थरथर भिंतीतून खिळ्यात, खिळ्यातून गेजमध्ये. मी गेज काढून गाडीच्या सीटवर ठेवलं. काटा हलतच राहिला. नळी उपटली तेव्हा मात्र तो शून्यावर जाऊन पडला.

म्हणजे हालचाल गेजमध्ये नव्हती, नळीतून येत होती. नळीच्या उघड्या टोकावर मी अंगठा ठेवला. अंगठ्याची कातडी हलकेच आत ओढली गेली आणि सुटली. परत ओढली गेली.

गार होताना हवा आकुंचन पावते. इंजिन गार होतं तेव्हा असं होऊ शकतं. पण हे इंजिन तापलंच नव्हतं तर गार कुठून होणार? मी नळी परत जोडली आणि घड्याळ समोर ठेवून मोजलं. मिनिटाला बावीस वेळा.

मशीनचं फुस्-टक् मिनिटाला सात वेळा होतं. ते मला पाठ आहे, रात्रंदिवस तेच ऐकते. बावीस हा आकडाही मला पाठ होता. नर्सनं मला शिकवलं होतं, झोपलेला असताना छातीकडे बघायचं आणि मोजायचं. मी त्याच्या खोलीत गेले. तो पेपर तोंडावर घेऊन पडला होता. पेपर वर जात होता, खाली येत होता. मी दारात उभी राहून मान वळवली की गॅरेजच्या उघड्या दारातून सीटवरचं गेजही दिसत होतं. पेपर वर, काटा वर. पेपर खाली, काटा खाली.

मग त्याला खोकला आला आणि काटा थरथरला.

"काय बघतेस?" त्यानं पेपराआडून विचारलं.

"पट्टा सैल आहे," मी म्हणाले, आणि त्याला हसू आलं. त्याच्या हसण्याबरोबर काट्यानं काय केलं ते मी बघितलं नाही.

४

पहिल्यांदा इंजिन चालू करायचं ठरवलं त्या सकाळी धुराच्या नळीला लांब पाइप जोडून तो अंगणात सोडला. खिडक्या उघडल्या. त्याच्या फुप्फुसात धुराचा कणही जायला नको होता. किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. पाच वेळा तेच.

दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला बारीक दांडीचा आरसा माझ्याकडे आहे. तो कार्ब्युरेटरच्या तोंडात घातला. आत चिंधी होती.

मला लाजच वाटली. चिंधीबाईंच्या स्वतःच्या इंजिनात बिनदोऱ्याची चिंधी! कुणी बघितलं नाही ना म्हणून मी खरोखर मागे वळून बघितलं. निळ्या रेघांचं जुनं कापड होतं. फडक्यांच्या पेटीतलंच असणार. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून मी ते कचऱ्यात टाकलं आणि परत किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. आधी भसाभसा, मग जमलं. वेग वाढवला तसा पट्ट्याखालून एक बारीक, सरळ सूर निघाला आणि वर चढत गेला. काटा सहा पौंडांवर जाऊन स्थिर झाला. एवढ्याशा इंजिनात तेवढी ताकद मी कधी ऐकली नव्हती. मला उड्या माराव्याशा वाटल्या. इंजिन चालू ठेवून मी धावत त्याच्या खोलीत गेले.

तो पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला होता. खिडकीचा पडदा बाहेर नाही, आत नाही, गॅरेजच्या भिंतीकडे तिरपा ओढला गेला होता.

"किती सुरेख वाजतंय, खालपासून वरपर्यंत कुठेही अडखळत नाही, मला वाटलं नव्हतं ते एवढं छान होईल," तो म्हणाला.

एका श्वासात. मी शब्द मोजले नाहीत, मोजायची गरज नव्हती. मी जमिनीवर बसले आणि त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडले. दोन वर्षांचं सगळं रडून घेतलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता, पण त्याचे हात नेहमीच थंड असायचे.

इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासात तो परत तीन शब्दांवर आला.

५

तुम्ही काय केलं असतं? मी रोज इंजिन चालवायला लागले. सकाळी एक तास, दुपारी एक तास. कारण विचारलं असतं तर सांगितलं असतं की नवीन इंजिन हळूहळू रुळवावं लागतं. कुणी विचारलं नाही.

त्या तासात तो बोलायचा. हवेबद्दल, अंगणातल्या झाडाबद्दल, जुन्या गिऱ्हाइकांबद्दल. लांब, गुळगुळीत वाक्यं. नळी नाकातून काढून बाजूला ठेवायचा. मी समोर बसून ऐकत राहायचे आणि मनात एक गोष्ट टोचत राहायची, ती कोणती ते मला चार दिवस कळलं नाही. मग कळलं. तो मला चिडवत नव्हता. एकदाही नाही. मी मुद्दाम म्हणाले, "पट्टा सैल वाटतोय का रे?" तो म्हणाला, "नाही, पट्टा अगदी योग्य ताणलेला आहे."

मंगळवारी नर्स आली. बडबडी पोरगी, तिला तो फार आवडायचा. इंजिन चालूच होतं.

"काका, आज तर एकदम हिरो दिसताय! काकू, काय खायला घालताय यांना?" तिनं त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "नव्व्याण्णव! माझं नसतं एवढं." मग सवयीनं तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. मिनिट झालं. तिनं हात थोडा सरकवून परत ठेवला. अजून एक मिनिट.

"काका, जरा श्वास घ्या बरं."

"घेतोय की, घेतोच आहे मघापासून, तुम्ही काळजी करू नका," तो म्हणाला.

तिनं हात काढून घेतला आणि ओढणीला पुसला. वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, पुढच्या मंगळवारी मोठ्या सिस्टर येतील." तिच्या चपलेचा बंद लागत नव्हता. तो न लावताच ती गेली.

इंजिन बंद केलं. मी त्याला नळी लावली, उशी सारखी केली. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. ओठ निळसर झाले होते.

"कोण बोलत होतं... तुझ्याशी?"

"नर्स आली होती."

त्यानं मान हलवली. "पुरुषाचा आवाज... होता. रोज असतो."

"तूच बोलत होतास," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. एकदा शाळेत एका मुलाचा हात पट्ट्यात सापडता सापडता वाचला होता, तेव्हा तो मुलगा मशीनकडे असा बघत होता. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "पट्टा काढ... चिंधीबाई."

"अजून थोडंसंच राहिलंय," मी म्हणाले. "तूच म्हणाला होतास ना, न उतरता?"

दुसऱ्या दिवशी इंजिन लागेना. आरसा घातला. चिंधी होती, निळ्या रेघांची, पहिल्यापेक्षा खोल कोंबलेली. या वेळी कार्ब्युरेटरवर फिल्टर बसवलेला होता. तो काढायला दोन नट सोडवावे लागतात. कुणीतरी ते सोडवले होते आणि परत घट्ट लावले होते.

मीच, दुसरं कोण? घरात दुसरं कोण होतं? उंबऱ्यापलीकडे नळी पुरत नाही आणि नळीशिवाय त्याला उभंही राहता येत नाही. मी स्वतःला भरपूर शिव्या दिल्या आणि चिंधी काढली.

६

शुक्रवारी इंजिन चालू असताना तो स्वतः गॅरेजमध्ये आला. नळीशिवाय, उंबरा ओलांडून, सरळ चालत. मी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवत होते. वर बघितलं तर तो गाडीच्या पलीकडे उभा होता, बॉनेटवर हात ठेवून. दोन वर्षांनी त्याला गॅरेजमध्ये बघून मला इतका आनंद झाला की स्क्रूड्रायव्हर हातातून पडला.

"रविवारी जाऊ या वर, ऊन चांगलं असेल, तुला या वेळी उतरावं लागणार नाही," तो म्हणाला.

"जाऊ या," मी म्हणाले.

तेव्हा भिंतीवर दोन ठोके पडले.

पलीकडच्या बाजूनं. खालच्या अंगाला, पलंगाच्या उंचीवर. टक, टक. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्यासमोर होता, दोन्ही हात बॉनेटवर.

टक, टक.

"खिळा हलतोय, इंजिनाची थरथर भिंतीत जाते आणि खिळा हलतो," तो म्हणाला.

खरं होतं. अगदी सोपं कारण. मीच दिलं असतं असं. मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्क्रू फिरवत राहिले. ठोके अजून बराच वेळ पडत होते, दोन, मग थांबून दोन, मग दोनामधलं अंतर वाढत गेलं. त्याच्या खोलीत जायला बारा पावलं लागतात. मी गेले नाही. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

७

रविवारी सकाळी कडक ऊन होतं. गेज मी आदल्या दिवशीच डॅशबोर्डवर बसवलं होतं. इंजिन अजून बंद होतं, आणि काटा अगदी हळू, केसभर वर, केसभर खाली. आता मिनिटाला तीसच्या वर.

बॉनेट उघडलं आणि तशीच उभी राहिले. फिल्टर काढून नीट बाजूला ठेवलेला होता. कार्ब्युरेटरच्या तोंडात निळ्या रेघांची चिंधी होती आणि तिला लाल दोरा बांधला होता. दोरा बाहेर लोंबत होता, नियमाप्रमाणे, वीतभर. गाठ दुहेरी. मी मुलांना शिकवायचे तशीच, पण थरथरत्या हातानं बांधलेली.

ही विसरलेली चिंधी नव्हती. ही कुणीतरी सांगून सवरून ठेवलेली चिंधी होती, मला समजेल अशा एकमेव भाषेत.

मी खोलीत गेले. तो कुशीवर पडला होता, डोळे उघडे. निळ्या रेघांचा सदरा अंगात. सदऱ्याचा खालचा काठ फाडलेला होता, एक पट्टी, दोन पट्ट्या, तीन. बोटांच्या नखांत काळं ग्रीस होतं. पावलं मातीनं माखलेली होती.

"तू कसा आलास तिथपर्यंत?" मी विचारलं.

त्याला एका श्वासात आता एकच शब्द जमत होता. "श्वास," तो म्हणाला. "धरून."

"कशाला रे?"

"माझा," तो म्हणाला. बराच वेळ गेला. "नेतंय."

मी त्याचा हात हातात घेऊन बसले. तो माझ्याकडे बघून किंचित हसला, आणि ओठ हलले ते चिडवायलाच हलले असावेत, पण आवाज आला नाही. डॉक्टरीणबाईंचं वाक्य मला आठवलं. थंडी अजून लागलीही नव्हती. हा माणूस असा एकेक शब्द करत संपणार होता आणि मी शेजारी बसून मोजणार होते. आणि भिंतीपलीकडे, किल्ली फिरवली की, तोच माणूस सरळ चालत होता, ऊन चांगलं आहे म्हणत होता, मला वर नेणार होता.

मला तो पूर्ण वाक्यात हवा होता. दुसरं काही कारण नाही. त्याचा डोळा लागला तेव्हा मी उठले, गॅरेजमध्ये गेले आणि लाल दोरा धरून चिंधी ओढून काढली.

८

इंजिन पहिल्याच फेऱ्याला लागलं. मी गाडी अंगणात आणून उभी केली. आत जाऊन त्याला आणावं असा विचार करत होते, तोवर तोच बाहेर आला. केस विंचरलेले. निळ्या रेघांचा सदरा. काठ खालपासून वरपर्यंत शाबूत होता.

मी बघितलं. बघून गाडीचा आरसा सारखा केला.

घरातून मशीनचा आवाज येत होता. फुस्, टक्. बंद करायला मी आत गेले नाही. त्यानं दार उघडलं, शेजारच्या सीटवर बसला आणि दार लावून घेतलं. सीटची स्प्रिंग कुरकुरली नाही. गाडी मी चालवत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या चढणीवर गाडी मी चालवत होते.

गाव संपलं, चढण लागली. काटा पाच पौंडांवर, सहावर. पट्ट्याचा तो बारीक सूर वर चढत गेला. मधलं वळण आलं. इथे मी नेहमी उतरायचे. इथे एक दगड आहे, त्यावर बसून मी चपलेतले खडे काढायचे. गाडीनं तो दगड असा मागे टाकला की जणू रस्ता सपाटच होता.

"बघ, उतरावं लागलं नाही, मी म्हणालो होतो तसंच झालं," तो म्हणाला.

काटा सहावर होता, पण स्थिर नव्हता. थरथरत खाली यायचा, परत चढायचा. मिनिटाला तीस-पस्तीस. मी सवयीनं आरशात बघितलं.

मागे रस्त्यावर कुणीतरी चालत येत होतं.

खूप मागे, वळणाच्या अलीकडे. वाकून, एक हात गुडघ्यावर टेकवत. दोन पावलं टाकायचं आणि थांबायचं. ते थांबलं की काटा पडायचा. परत पाऊल टाकलं की काटा उचलायचा. त्याच्या मागे रस्त्यावर काहीतरी बारीक आणि पारदर्शक घसटत येत होतं आणि उन्हात चमकत होतं. दुसरा हात वर होता. त्या हातात कापडाचा तुकडा होता आणि तो माणूस तो हलवत होता, गाडी थांबवायला हलवतात तसा. तुकड्याला काहीतरी लाल लोंबत होतं.

त्या चढणीवर थांबता येत नाही. थांबलं तर गाडी मागे येते. मी मान वळवून शेजारी बघितलं नाही. पाय होता तिथेच दाबून ठेवला आणि थेट टाकीपर्यंत गेले.

टाकीच्या सावलीत गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं नाही. उतरलेलं माणूस वर पोचेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. तो माझी अशीच वाट बघायचा, कधी अर्धा तास, कधी जास्त. आणि मी पोचले की खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, "आलात का चिंधीबाई? मला वाटलं, जेवून येता की काय."

मी आरशात बघत बसले आहे. रस्ता शेवटच्या वळणापर्यंत दिसतो, पलीकडचं दिसत नाही. तो अजून वळणाच्या या बाजूला आलेला नाही. हात किल्लीवर आहे. किल्ली फिरवली तर कुणाचा श्वास थांबेल, ते मला माहीत नाही. काटा पडतो, बराच वेळ पडून राहतो, आणि परत केसभर उचलतो.

"चल ना आता, किती वेळ थांबणार आहेस, आपण दोघंही वर आलोय ना," शेजारून आवाज येतो, एका श्वासात.

"थांब जरा," मी म्हणते. "माझा नवरा येतोय मागून."